परदेशी सहलीच्या पैशाला वाली कोण?

देवगड तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतोय:

"मी, सौ., माझा मेव्हणा आणि त्याची बायको, शिवाय शेजारचे डॉक्टर पतीपत्नी असे आम्ही सहाजण गणपती-नवरात्र उरकून ऑक्टोबरअखेर युरोपला जायचं म्हणतोय. अकरा दिवस, माणशी २ लाख ४० हजार. सहल नेणारा मुलगा तालुक्यातलाच, माझा जुना विद्यार्थी. तो म्हणतो, ३१ मेच्या आत सगळी रक्कम रोख भरलीत तर दहा टक्के सूट देतो. मेव्हण्याची वाशीहून आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) आलीय, तो पैसे द्यायला तयारच बसलाय. पण माझा पुतण्या मँचेस्टरला असतो. तो फोनवर म्हणाला, 'काका, त्याच्याकडे एटॉल आहे का विचारा. नसेल तर एक रुपया देऊ नका.' मी विचारलं, तर मुलानं दुकानातलं फ्रेम केलेलं सरकारी सर्टिफिकेट दाखवलं, आणि सहलीबरोबर विमा फुकट आहे, काळजी करू नका, म्हणाला. सौ. म्हणते, घरच्यासारखा मुलगा, त्याची किती उलटतपासणी करायची? हे एटॉल काय असतं, आपल्याकडे तसलं काही आहे का, आणि पैसे द्यावेत की नाही?"

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. सहलीला खुशाल जा. पण ३१ मेला सगळे पैसे, तेही रोख, देऊ नका. दहाच्या जागी वीस टक्के सूट दिली तरी नको. तुमचा विद्यार्थी लबाड आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. परदेशी सहलीच्या धंद्यात प्रामाणिक माणसाचंही दुकान बसतं. रुपया घसरतो, व्हिसे अडकतात, एखादा ग्रुप भरत नाही आणि या ग्रुपचे पैसे त्या ग्रुपला लावता लावता एक दिवस गाडं थांबतं. अशा वेळी माणसाची नियत चांगली होती म्हणून कुणाचे पैसे परत येत नाहीत.

आता पुतण्याचं एटॉल. ही ब्रिटनमधली, विमानप्रवासासह सहली विकणाऱ्या कंपन्यांसाठीची परवाना-व्यवस्था. ती तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. १९७४ च्या ऑगस्टमध्ये कोर्ट लाइन नावाचा विमानं आणि सहलींचा मोठा उद्योग भर सुट्टीच्या हंगामात बुडाला, हजारो लोक परदेशात अडकले, आणि त्यानंतर प्रवाशांसाठी राखीव निधी उभारायचा कायदा झाला. आज तिथली कंपनी दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरते. ग्राहकानं पैसे भरले की त्याच्या हातात एटॉलचं प्रमाणपत्र पडतं. कंपनी जाण्याआधी बुडाली तर त्या निधीतून पैसे परत मिळतात, आणि सहल चालू असताना बुडाली तर घरी आणून सोडतात. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक बंद पडली. १८४१ साली सुरू झालेली कंपनी. त्या दिवशी तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारनं विमानं भाड्यानं घेऊन दोन आठवड्यांत त्यांना परत आणलं. (आपल्याकडची त्याच नावाची कंपनी वेगळी. तिची मालकी २०१२ पासूनच दुसऱ्याकडे आहे आणि तिच्या प्रवाशांना याची झळ लागली नाही.)

तेव्हा पुतण्या चुकीचं सांगत नाही. तो राहतो त्या देशात हा पहिलाच प्रश्न असतो. पण देवगडातल्या माणसाकडे एटॉल असायचा प्रश्नच येत नाही. ते ब्रिटनमध्ये विकलेल्या सहलींसाठी आहे.

आणि आपल्याकडे तसलं काहीही नाही. तुमचा एजंट बुडाला तर तुमचे पैसे परत करणारा सरकारी निधी भारतात नाही. तुमचा अ‍ॅडव्हान्स वेगळ्या खात्यात राखून ठेवायची सक्तीही त्याच्यावर नाही. विमान कंपन्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, गो फर्स्टची उड्डाणं मे २०२३ मध्ये थांबली, आणि तिकिटं काढून बसलेले लोक धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या रांगेत बँका पुढे असतात. जेटच्या बाबतीत तर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनी अवसायनात काढायचाच, म्हणजे गुंडाळायचाच, आदेश दिला.

मग भिंतीवरचं सर्टिफिकेट कसलं? बहुधा गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी. दुकान आहे, एवढंच त्यातून कळतं. किराणा दुकानातही तेच टांगलेलं असतं. जीएसटी नंबर थोडा जास्त उपयोगी. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द झालीय आणि विवरणपत्रं भरली जातात का, हे कुणालाही फुकट दिसतं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता असते, पण ती ऐच्छिक. संघटनांचं सदस्यत्वही असतं, चांगलंच आहे, पण त्यातून तुमच्या पैशाला हमी मिळत नाही. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, बिल्ल्याचा मात्र लोकांवर फार प्रभाव पडतो, म्हणून सांगतो. आयाटाच्या एजंटाला बँक हमी द्यावी लागते हे खरं, पण ती हमी विमान कंपन्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून असते. प्रवाशाचे बुडाले तर तिचा काही उपयोग नाही.

आता त्या दहा टक्क्यांकडे वळू. गणित तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, तेव्हा हे तुम्हाला लगेच पटेल. एरवी उरलेली रक्कम निघण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे सप्टेंबरअखेर भरायची असते. तो ती मेअखेर मागतोय, चार महिने आधी. २ लाख ४० हजारांच्या जागी आज २ लाख १६ हजार घ्यायला तो तयार आहे, म्हणजे २ लाख १६ हजारांवर चार महिन्यांचं २४ हजार व्याज तो तुम्हाला देतोय. साध्या हिशेबानं हे वर्षाला तेहतीस टक्के झाले. सोनं गहाण ठेवलं तरी बँक याच्या निम्म्याहून कमी दरात कर्ज देते. मग तेहतीस टक्क्यांनी पैसे कोण उचलतो? ज्याला दुसरीकडे मिळत नाहीत तो. किंवा ज्याला मागच्या ग्रुपची हॉटेलं या ग्रुपच्या पैशातून भागवायची आहेत तो. कदाचित तुमच्या विद्यार्थ्याचं कारण यापेक्षा साधं असेल, ग्रुपच्या सीट धरून ठेवायला विमान कंपनी अनामत मागत असेल. तसं असेल तर त्याला विचारा, अनामत माणशी किती आणि कुठल्या तारखेपर्यंत. तो आकडा २ लाख १६ हजार नक्कीच नसतो.

रोखीचं तर मी नावच काढू देणार नाही. आयकर कायद्यानं एका व्यवहारापोटी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आज लाख, उद्या लाख असे तुकडे करूनही सुटका नाही, सहल एकच आहे ना. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर विकणाऱ्यानं टीसीएस, म्हणजे ग्राहकाकडून आगाऊ घ्यायचा आयकर, गोळा करून तुमच्या पॅनवर भरायचा असतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असतात, तेव्हा चालू दर सीएला विचारा. विवरणपत्र भरताना हा पैसा तुम्हाला वळता करून मिळतो. पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. मे महिन्यात भरलेल्या पैशावरचा टीसीएस साधारण जुलैअखेर आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसायला लागतो. दिसला, तर त्या मुलानं तुमचा व्यवहार सरकारदरबारी दाखवलाय. घेतला पण दिसत नाही, तर पुढचा हप्ता द्यायच्या आधी बोलायला हवं. रोख दिलेत तर यातलं काहीच राहत नाही. उरतो तो फक्त तुमचा शब्द आणि त्याचा शब्द.

मेव्हण्यांना हे पटवायला एकच सांगा. वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवून आपण पट्टीची वाट बघतो, तेव्हा उधारीवर गेलेला माल आपला असतो, आणि यंदा त्यानं बुडवलं तर पुढच्या मोसमात दुसरा दलाल बघता येतो. इथे मालही त्याच्याकडे आणि पैसेही त्याच्याकडे.

मग पैसे द्यायचे कसे? माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं: जेवढे पैसे तुमच्या हातातून जातील, तेवढ्याचं काहीतरी तुमच्या नावावर झालेलं असलं पाहिजे.

सुरुवातीला माणशी वीस-पंचवीस हजार, चेकनं किंवा बँक ट्रान्सफरनं, फर्मच्या चालू खात्यात. त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर जीपे नको. पैसे पाठवताना स्क्रीनवर फर्मच्या ऐवजी माणसाचं नाव आलं, तर तिथेच थांबा. त्याच वेळी जीएसटीची पावती आणि सहलीचं लेखी पत्रक घ्या. त्यात हॉटेलांची नावं किंवा निदान दर्जा, विमान कंपनी, काय धरलंय, काय धरलं नाही, आणि रद्द झाल्यास कुठल्या तारखेला किती कापणार, हे सगळं हवं. "व्हिसा नाकारला गेला तर काय?" याचं उत्तर कागदावर मागा. व्हिसाची फी परत मिळत नाही, ते ठीक. पण सगळं पॅकेज बुडणार असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

इथे एक गोष्ट पहिल्याच भेटीत विचारून घ्या. तालुक्यातले बरेचसे टूरवाले स्वतः सहल नेत नाहीत, मुंबई-पुण्याच्या एखाद्या कंपनीचे सब-एजंट असतात. त्यात वावगं काहीच नाही. पण तसं असेल तर चेक मूळ कंपनीच्या नावानं काढा आणि पावतीही तिचीच घ्या. त्याचं कमिशन त्याला कंपनीकडून मिळतंच. "माझ्याकडे द्या, मी भरतो" हे वाक्य आलं की नम्रपणे नाही म्हणा.

दुसरा हप्ता तिकिटांचा. ग्रुपची तिकिटं अनेकदा निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच निघतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये तिकीट दिसलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र मोठी रक्कम तिकीट निघेल तेव्हाच द्या. तिकीट आलं की पीएनआर बघून समाधान मानू नका. सहा अक्षरांचा पीएनआर नुसत्या धरून ठेवलेल्या सीटलाही मिळतो, आणि पैसे भरले नाहीत तर तो आपोआप गळतो. कागदावर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक शोधा. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. मग त्या विमान कंपनीच्याच साइटवर जाऊन पीएनआर आणि आडनाव टाका. एजंटानं पाठवलेल्या लिंकवर नको. तिथे तुमचं नाव आणि तिकीट निघाल्याची नोंद दिसली, की तो पैसा खरोखर विमान कंपनीकडे पोचलाय. (काही स्वस्त विमान कंपन्यांत हा तेरा आकडी क्रमांक नसतो, तिथे बुकिंग 'कन्फर्म्ड' आणि येणे बाकी शून्य दिसलं पाहिजे.)

हॉटेलांचंही तसंच. व्हाउचर हातात आलं की पहिल्या आणि शेवटच्या हॉटेलला त्यांच्या अधिकृत पत्त्यावर चार ओळींची ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक ग्रुपच्या नावानं, एवढ्या खोल्या आहेत का, आणि पैसे भरलेत का. डॉक्टरांच्या मुलाला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर साधारण दोन दिवसांत येतं. त्यानंतर उरलेली रक्कम.

क्रेडिट कार्ड असेल तर निदान एक मोठा हप्ता त्याच्यावर घाला. मी बँकेत कार्ड विभागात काम केलंय, म्हणून आग्रहानं सांगतो. पैसे घेऊन सेवा दिलीच नाही तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेला पैसा उलटा फिरवून, मागता येतो, आणि मग पैसे का परत करू नयेत हे दुकानदाराला सिद्ध करावं लागतं. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण तेवढी वाट बघू नका. सहल बारगळली असं कळताच लेखी कळवा. यूपीआयनं किंवा चेकनं आपणहून दिलेल्या पैशाला असा उलटा रस्ता जवळजवळ नसतोच. एजंट कार्डाचे दोन टक्के जास्त मागेल, म्हणजे २ लाख ४० हजारांवर ४,८००. मी असतो तर दिले असते.

फुकटच्या विम्याबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचंच आहे, त्यामुळे तो मेहेरबानी करत नाहीये. हा विमा आजारपण, हरवलेलं सामान आणि ठरावीक कारणांनी रद्द झालेला प्रवास यांसाठी असतो. टूरवाला बुडाला तर पैसे मिळतील, असं गृहीत धरू नका. पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा, दिवाळखोरी बऱ्याचदा तिथेच सापडते. तुमची शुगर, बीपी काय असेल ते फॉर्मवर लिहायला लावा, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारायला निमित्त मिळतं.

आता सौ. वहिनींची अडचण. ती खरी आहे, शहरातल्या लोकांना ती कळणार नाही. उद्या बाजारात, जत्रेत, कुणाच्या तरी लग्नात तोच मुलगा भेटणार. म्हणून संशयाची भाषा नको, बिलाची वापरा. "अरे, आमका बिल होया, झील म्हणता टॅक्साक दाखवक होया," एवढं म्हटलं की झालं. आपला झील म्हणजे मुलगा, सीए, बँक, कुणाच्याही डोक्यावर खापर फोडा. दुसरं, सहाजणांच्या वतीनं तुम्ही एकट्यानं बोलू नका. गुरुजी म्हणून तुमची भीड तुम्हालाच पडेल. डॉक्टरांना पुढे करा. आणि खरं सांगू का, चांगला टूरवाला या प्रश्नांनी दुखावत नाही. त्याला ते रोजचेच असतात. तो चिडला तर ती माहितीही तुमच्या कामाचीच आहे.

एवढं करूनही बिनसलं तर? पावत्या प्रत्येक जोडप्याच्या नावानं वेगळ्या घ्या असं मी आत्ताच सांगून ठेवतो, त्याला कारण आहे. सहलीसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, आणि तुमचं जोडप्याचं होतंय ४ लाख ८० हजार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क दिलाय, म्हणजे तुम्हाला ओरोसचा जिल्हा आयोग. पावतीखाली 'न्यायक्षेत्र मुंबई' छापलेलं बघून खचू नका. दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं कंपन्या जाग्या होतात. तुमचे पैसे भारतीय विमान कंपनीच्या तिकिटात अडकले असतील, तर एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचाही परतावा द्यायची जबाबदारी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानं विमान कंपनीचीच आहे. पैसे गोळा करून माणूस गायबच झाला, तर मात्र आयोगाची वाट न बघता पोलिसांत जा. ऑनलाइन फसवणूक असेल तर त्याच तासाला १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. मेव्हण्यांसारखे कुणी दरमहा हप्त्याच्या 'टूर भिशी'त असतील, तर ठेवीदारांच्या हितासाठीचा महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा सेवेच्या रूपात परत करायच्या ठेवींनाही लागू होतो, हे आर्थिक गुन्हे शाखेत गेल्यावर लक्षात असू द्या. पण आयोगाचा निकाल हातात असूनही वसुलीला काही शिल्लकच नाही, असं होऊ शकतं. म्हणून माझा सगळा भर आधीच्या हप्त्यांवर.

शेवटचं, पासपोर्टचं. व्हिसासाठी मूळ पासपोर्ट द्यावेच लागतात आणि बोटांचे ठसे द्यायला बहुधा मुंबईलाही जावं लागेल. पण व्हिसा लागला की पासपोर्ट आपल्या घरी आणा, "एअरपोर्टवरच देतो" याला हो म्हणू नका. पैशावरून वाद झाला तर अडवून धरायला तेवढंच पुरतं. आणि सहाही पासपोर्टांच्या तारखा आजच बघा. शेंगेनसाठी ते गेल्या दहा वर्षांत दिलेले आणि तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारे हवेत. कुणाचा संपत आला असेल तर नूतनीकरणाचा अर्ज पावसाच्या आधी टाकून द्या.